गाण्याखाली गेलेला आवाज

अन्याय झाला तो बब्रुवान मामांवर. राहणार नवी किल्लारी, धंदा जीप, किल्लारी ते औसा, गिऱ्हाईक मिळालं तर लातूर. कधी झाला? मी लातूरला बारावी रिपीट करत होते त्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर बाजाराच्या गर्दीत, औशाच्या बसस्टँडासमोर, सलीमभाईच्या मोबाईलच्या दुकानात. हे आधी लिहून टाकते, कारण या भुताखेतांच्या सदरात लोक सुरुवात अमावास्येपासून करतात आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव शेवटपर्यंत येत नाही.

दुसरी गोष्ट. असल्या प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी मूळची नायगावची. गावात बाईच्या अंगात आलं की तिच्यासमोर उभं राहून 'हा आजार आहे, दवाखान्यात न्या' अशी पत्रकं वाटलेली मुलगी आहे मी. त्यासाठी शेणाचा गोळाही खाल्लाय, पाठीत. तेव्हा पुढचं वाचून 'पोरगी घाबरट दिसते' असं कुणी म्हणू नये. मी घाबरलेली नाही. मी वैतागलेली आहे... आणि का, ते सांगते.

बब्रुवान मामा म्हणजे माझी रूममेट उज्ज्वला हिचे सख्खे मामा. भूकंपाच्या आधी वर्षभर ते मस्कतला सेंट्रिंगच्या कामाला गेले. घरी आई एकटी, सोजरबाई. मुलगी, म्हणजे उज्ज्वलाची आई, आधीच औशाला दिलेली. सोजरबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा औशात ज्यांची पोरं आखातात होती त्यांच्या घरी एक पद्धत होती. पत्राऐवजी कॅसेट भरायची. सलीमभाईच्या अब्बांचं कॅसेटचं दुकान होतं. ते एखादी जुनी सिनेमाची कॅसेट घ्यायचे, वरच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबायचे म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता येतं, आणि माणसाला टेपसमोर बसवून म्हणायचे, "बोलो अम्मा." मग ती कॅसेट जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून मस्कतला.

मामांना ती मिळाली. अर्धी ऐकली, तेवढ्यात साईटवर न्यायची गाडी आली म्हणून बटण दाबून तिथंच बंद केली आणि गेले. मागं खोलीतल्या कुणीतरी पाहिलं, टेपमध्ये सिनेमाची कॅसेट. त्यानं तिथूनच पुढं रेडिओवरची गाणी भरली. परक्या मुलखात आठ जण एका खोलीत, कोरी कॅसेट मिळायची मारामार, त्याला तरी काय बोलणार! मामा म्हणाले, जाऊ दे, राहिलेलं घरी गेल्यावर तिलाच विचारू.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते.

आता नेमकं काय राहिलं ते ऐका, कारण सगळं त्याच्यावरच आहे. मामांनी मस्कतहून पाठवलेल्या पैशात आईनं नवी खोली बांधली होती. दगड-मातीची, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. जुनं घर शेजारीच, पत्र्याचं. मामा आले तोवर लष्कराच्या लोकांनी सगळं उरकलं होतं. जुनं-नवं एकाच ढिगात. आई कुठून निघाली? एक म्हणायचा नव्या खोलीतून, दुसरा म्हणायचा न्हाई, पत्र्याखालून. तिसरा सांगणारा उरलाच नव्हता. आपण बांधायला लावलेलं माळवदच आईच्या अंगावर आलं का, हा एकच प्रश्न. मामा तो कधी बोलून दाखवत नाहीत. पण पुनर्वसनात घर मिळाल्यापासून आजपर्यंत ते घरात झोपलेले नाहीत. अंगणात, जीपमध्ये झोपतात. पावसातसुद्धा.

आणि कॅसेटवर आई म्हणते, "बब्र्या, बाबा, आवाज येतो का रं?" लेक लांब आहे म्हणून ओरडून बोलते. म्हशीचं सांगते. लेकीकडचं सांगते. मग, "तुझी खोली झाली बघ. गल्लीत न्हाई कुणाची तशी..." आणि धाडकन गाणं. हिंदी सिनेमाचं. नाव लिहीत नाही, लिहिलं तर गाण्याची कंपनी माझ्यावरही केस करेल.

पुढं सलीमभाईनं त्या कॅसेटची फाईल करून दिली, इंग्रजी अक्षरांत BABRU AAI असं नाव टाकून. कॅसेट नंतर जीपच्या टेपनं चावून खाल्ली. म्हणजे उरलं ते मेमरी कार्डावर. त्या पोळ्याच्या आधी कार्डात व्हायरस शिरला म्हणून मामांनी ते दुकानात दिलं. दुसऱ्या दिवशी धाड.

तो जमाना आठवा. दर स्टँडासमोर 'गाणे भरून मिळतील'ची पाटी. आमच्या भागात सिनेमा, भजन, भीमगीतं, कव्वाली, सगळं असंच खिशाखिशातून फिरायचं. गाण्याची अस्सल सीडी औशात कुठं मिळते, हे कंपनीनं कधी सांगितलं नाही. पण त्या दिवशी कंपनीचा गॉगलवाला माणूस पोलीस घेऊन आला. कॉम्प्युटर नेला, कार्ड रीडर नेला आणि काचेखाली ठेवलेली गिऱ्हाइकांची झाडून सगळी कार्डं नेली.

उज्ज्वलानं मला गाठलं. आमची संघटना म्हणजे आम्ही चार मुली आणि एक झेरॉक्सवाला, पण नाव मोठं होतं. मी म्हटलं, चल, एका अर्जाचं काम आहे.

एका अर्जाचं! ठाण्यात जमादार म्हणाले, "कार्डं पंचनाम्यात आलीत बाई. आता कोर्ट सोडंल तवा."

"साहेब, त्या एका कार्डात गाणी नाहीत. ह्यांच्या आईचा आवाज आहे."

गॉगलवाला तिथंच चहा पीत होता. त्यानं लॅपटॉप फिरवला. "आहे ना. एकच फाईल आहे, पण तिच्यात दीड मिनिट आमच्या मालकीचं गाणं आहे."

मामा पुढं झाले. अगदी समजावून सांगितल्यासारखं बोलले, "साहेब, ते माझ्या आईच्या बोलण्यावर भरलंय. तुमचं गाणं तुम्ही काढून घ्या की. मला कुठं पाहिजे?"

"तसं होत नाही. फाईल एक, गुन्हा एक."

मी म्हटलं, "गाण्याचे हक्क तुमचे. मग आवाजाचे कुणाचे?"

"जिचा आवाज तिचे. तिचं ना-हरकत आणा, मग बघू."

"त्यासाठी जुन्या किल्लारीत जावं लागंल तुम्हाला," मामा म्हणाले.

गॉगलवाल्यानं शेवटी एक मेहेरबानी दाखवली. फाईल पुसून कोरं कार्ड द्यायला कंपनीची हरकत नाही म्हणाला. मी काय बोलले ते इथं छापता येणार नाही. जमादारांनी मला बाहेर काढलं.

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं: 'आईच्या आवाजाला अटक!' क्लासेसच्या गल्लीत वाटलं. तिथं वीस पोरांमागे एक फ्लेक्स, फ्लेक्सवर टॉपरचे फोटो, आणि कुणाला कागद वाचायला सवड नाही. एकानं विचारलं, "ताई, हे सीईटीला येणार आहे का?" आमच्या हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमनी मात्र नीट वाचलं आणि मला वॉर्निंग दिली.

इथपर्यंत सगळं नेहमीचं आहे. भारतात रोज घडतं. आता पुढचं.

आम्ही दुपारी मेसमध्ये जेवत होतो. हॉस्टेलात मोबाईलला बंदी, पण देगलूरची शिल्पा चिवड्याच्या डब्यात फोन ठेवायची. मेसवाल्या मावशी पाणी भरायला गेल्या की बारीक आवाजात गाणी. एक गाणं संपलं, आणि...

"बब्र्या, बाबा, आवाज येतो का रं?"

उज्ज्वलाचा घास हातातच राहिला.

"ही कोण गं म्हातारी?" शिल्पा म्हणाली. "मधीच लागतीय बघ. कुणी ब्लूटूथनं टाकली कोण जाणे. मी ढकलून ऱ्हायले होते नेहमी."

"ढकलू नको!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

मला तर आनंद झाला. भूतबित काही डोक्यातही आलं नाही. सलीमभाईची पद्धत मला माहीत होती. कार्ड हातात आलं की तो आधी आतलं सगळं स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचा. म्हटलं, चुकून ही फाईल गाण्यांत मिसळली असणार, कुणाच्या तरी कार्डात गेली, तिथून ह्याच्या फोनात, त्याच्या फोनात. सरळ हिशेब. झालं काम! घाला खड्ड्यात तो पंचनामा.

आई बोलत होती. म्हैस झाली. लेकीकडचं झालं. "तुझी खोली झाली बघ. गल्लीत न्हाई कुणाची तशी..."

आणि गाणं लागलंच नाही.

"माळवद लई जड झालंय. गवंडी म्हणला, आणिक चार पाट्या माती घाला, उन्हाळ्यात गार ऱ्हातंय. तुझी ट्रंक तिथंच ठिवलीया. दिवा तिथंच लावून राहिले..."

"इथं गाणं असतं," उज्ज्वला म्हणाली. "इथंच लागतं गाणं. मी लहानपणापासून ऐकलंय."

"पण निजायचं म्हणशील तर बाबा..."

संपलं. फाईल तेवढीच.

मी तीनदा लावली. तिन्ही वेळा तेच. मी मामांना एसटीडीवरून फोन लावला आणि शिल्पाचा फोन रिसीव्हरला भिडवला. मामा तिकडून म्हणाले, "पोरी, हे गाणं कशाला ऐकवून राहिलीस? माझ्यापाशी नसलं तरी पाठ हाय ते." इकडे आम्ही तिघी आईचा आवाज ऐकतोय, आणि तिकडे गाणं! मला वाटलं ते थट्टा करतायत. मामा थट्टा करणाऱ्यांतले नाहीत.

रविवारी शिल्पाला घेऊन आम्ही किल्लारीला गेलो. जीप स्टँडावर, उन्हात, चार पॅसेंजर बसलेले. शिल्पानं फोन हातात धरला आणि लावला. मामा स्टेअरिंगवर हात ठेवून ऐकत होते. गाण्याची जागा आली आणि गेली. आई बोलतच राहिली. माळवद, माती, ट्रंक, दिवा. "पण निजायचं म्हणशील तर बाबा..."

पॅसेंजरमधला एक म्हातारा म्हणाला, "सोजरीचा आवाज हाय ह्यो."

मामा खाली उतरले, जीपच्या मागं गेले, तोंड धुऊन आले. मग म्हणाले, "पुन्हा लाव, माय."

मग आम्ही करायचं ते केलं. ब्लूटूथनं ती फाईल मामांच्या फोनात पाठवली. तेच नाव, तेवढाच आकार, दोन्ही फोन शेजारी ठेवून पाहिला. मामांच्या फोनात गाणं. मग औशाला जाऊन उज्ज्वलाच्या घरी ठेवलेल्या फोनात पाठवली, ती मामांची भाचीच. गाणं. तिथंच सलीमभाईच्या उसन्या लॅपटॉपवर घेतली. गाणं. शिल्पाच्या फोनात आवाज.

सलीमभाईनं कपाळाला हात लावला. "ताई, मेरेकू पूछो तो ये फाईल मैं किसीकू दिया नै. घरका माल मैं अलग फोल्डरमें रखता. गिऱ्हाईक का मां-बाप का आवाज गानोंमें मिलाऊं? अब्बा कबरमेंसे उठके मारेंगे."

"तुझ्या अब्बांनी दुसरी कॅसेट ठेवली असेल. अख्खी. त्यावरून कुणी तरी..."

"दूसरी कहां की! कॅसेट महाग थी. एकच भरते थे, गिऱ्हाईक कू देते थे."

आणि समजा असलीच दुसरी कॅसेट, तरी पाठवल्यावर गाणं कुठून येतं? मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा दुकान बुडालेला माणूस, मला चहा पाजत होता.

शेवटी शिल्पा म्हणाली, "मामा, फोनच ठेवा तुम्ही. तुम्हालाच दिला. मला तसंही बंदी आहे." मनाची मोठी पोरगी. मामांनी नको नको म्हणत घेतला. दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाला निरोप आला: गाणं लागतंय. पुढच्या रविवारी मामांनी फोन शिल्पाला परत केला, तिनं तिथंच हातात धरून लावला...

"माळवद लई जड झालंय."

मी जमिनीवर बसले. चक्क मातीत. रडायला आलं नाही, राग आला. कुणाचा नियम आहे हा? ठाण्याचा कळतो, कंपनीचा कळतो, हॉस्टेलचा कळतो, त्यांच्याविरुद्ध पत्रक काढता येतं. पण ज्याचं आहे त्याच्या हातात देणार नाही, परक्याच्या हातात मात्र अख्खं, हे कुठल्या कायद्याचं कलम? अर्ज कुणाकडं करायचा?

मामा म्हणाले, "चिडू नको, पोरी. तिला तसंबी माझ्या एकट्याशी बोलता कुठं यायचं? सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असंच बोलायची."

यानंतर आम्ही शहाणपणा केला. फोन मागायचा नाही, फाईल मागायची नाही, माणूसच मामांकडं न्यायचा. लातूरभर विचारत सुटलो. आणि सापडली! आमच्या मागच्या गल्लीतल्या हॉस्टेलची एक मुलगी, उदगीरकडची. म्हणाली, "हां हां, ती आजी! माझ्यात पण आहे की. निजायचं म्हणशील तर, त्याच्यापुढं पण बोलते बराच वेळ."

मी तिचे दोन्ही हात धरले. "पुढं काय म्हणते?"

"ते नाही बा लक्ष दिलं. अभ्यास करताना लावते मी, गाणी लागायची वाट बघत असते."

"आत्ता लाव!"

"आत्ता? फोन रूमवर आहे. आज टेस्ट आहे ना. उद्या रविवार, येते की तुमच्यासोबत किल्लारीला. फिरणं तरी होईल."

रविवारी सकाळी आम्ही तिच्या हॉस्टेलच्या दारात उभ्या. ती रडत बाहेर आली. शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडं झडती झाली होती. मागच्या टेस्टचे मार्क घसरले म्हणून क्लासचा आदेश. सगळे फोन जमा, आणि पोरींचं लक्ष विचलित करणारा मजकूर काढून टाकावा म्हणून कार्डं फॉरमॅट. त्यांच्या रेक्टरनं मला नियमांचा छापील कागद दाखवला, खाली पालकांच्या सह्या. म्हणे, "गाणी तर होती, मॅडम. आम्ही काय वाईट केलं?"

किल्लारीला त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातानं गेलो. मामा जीप धुऊन, स्वच्छ शर्ट घालून स्टँडावर उभे होते.

मी सगळे खुलासे करून पाहिले आहेत. इंजिनिअरिंगच्या पोरांना विचारलं. एक म्हणाला करप्ट फाईल, फोनागणिक वेगळी वाजते. मग फोन तोच असून हात बदलला की का बदलते? दुसरा म्हणाला, तुम्ही सगळ्यांनी मनातून ऐकलं. मग तो म्हातारा पॅसेंजर? त्याला कुणी काय सांगितलं होतं? तिसऱ्यानं मला शांत झोप घ्यायला सांगितलं. माझ्याकडं उत्तर नाही. आजही नाही. पत्रकं वाटणारी माणसं आम्ही, उत्तर नाही हे लिहिताना हात जड होतो, पण खोटं लिहिणार नाही.

शिल्पाचा फोन पुढं पाण्यात पडून गेला. मामांचं कार्ड अजून मुद्देमालाच्या खोलीत आहे. मागच्या खेपेला ठाण्यात विचारलं तर म्हणाले, उंदीर झालेत. मामा अजून जीप चालवतात. पॅसेंजर बसला की आधी विचारतात, "पावणं, फोनमधी एखाद्या म्हातारीचा आवाज हाय का?" लोक एकमेकांकडं बघतात. आणि झोपतात अजून जीपमध्येच.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही त्या वर्षांत लातूरला, नांदेडला, उदगीरला क्लासला होतात. बटणांचा फोन होता तुमच्याकडं, ब्लूटूथनं गाणी घेत होतात. तो फोन कपाटात, ट्रंकेत, जुन्या कंपासपेटीत पडून आहे. भंगारवाल्याला देऊ नका. फॉरमॅट करू नका. आज चार्जिंगला लावा आणि BABRU AAI शोधा. सापडली तर मला पाठवू नका, कुणालाच पाठवू नका, काही उपयोग नाही. स्वतः किल्लारीला या. जीप स्टँडावर बब्रुवान म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. फोन तुमच्याच हातात धरा, त्यांच्या कानाजवळ न्या, आणि शेवटपर्यंत वाजू द्या. मध्ये ढकलू नका.